तीस वर्षांची दाढी

माझ्या मेव्हण्याची दाढी मी उतरवली. क्यूबेक शहरातल्या आमच्या लिमोइलू वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. फर्नां सांगतो ती एक, ओव्हिला सांगतो ती दुसरी, आणि दोघंही स्वतःला त्यातून अलगद बाजूला काढून घेतात. वस्तरा माझ्या हातात होता, तेव्हा मीच सांगितलेली बरी.

मेव्हणा म्हणजे ऑरेल. माझ्या धाकट्या बहिणीचा, सोलांजचा नवरा. माझं केशकर्तनालय आहे, खुर्च्या दोन, न्हावी एक. दुसऱ्या खुर्चीत गेली कित्येक वर्षं कुणी केस कापायला बसलेलं नाही. तिथे सकाळी आठपासून कॉफीचे कप घेऊन लोक बसतात आणि बर्फावरच्या हॉकीवर बोलतात. क्यूबेक शहराला स्वतःचा मोठा संघ नाही, तरी बोलतात. किंबहुना नाही म्हणूनच जास्त बोलतात.

एके काळी होता. बाद फेरी सुरू झाली की खेळाडू दाढीला हात लावत नसत, म्हणून आम्हीही लावत नसू. गल्लीतला झाडून सगळा बाप्यामाणूस अस्वलासारखा दिसायचा. संघ हरला किंवा लीगचा कप जिंकला की दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या दुकानात. जिंकल्याच्या दाढ्या मी कधी केल्याच नाहीत, कारण आमच्यांनी तो कप कधी उचललाच नाही. हरल्याच्या मात्र केल्या. माणसं खुर्चीत बसायची, बोलायची नाहीत, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी असायचं आणि मी ते साबणाच्या फेसाबरोबर पुसून टाकायचो. त्या दिवशी मी कुणाची थट्टा केली नाही. माझ्या धंद्यातली तेवढी एक चांगली गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

शेवटच्या वर्षी संघ हरला तेव्हा ऑरेल उत्तरेत धरणाच्या कामावर होता. तो परत आला तेव्हा दाढी होती आणि संघ नव्हता. विकला होता, अमेरिकेत, डोंगरांतल्या एका शहराला. ऑरेल खुर्चीत बसला, मी गळ्याशी कापड बांधलं, ब्रशवर फेस काढला, आणि हा उठून उभा.

"थांब रोझेर," म्हणाला. "आपला हंगाम संपलाय असं कोण म्हणतं? संघ परत आला की करू."

पुढच्याच वर्षी त्या नालायकांनी तिकडे जाऊन कप उचलला. त्या रात्री आख्ख्या शहराने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चर्चमधल्या एकेका पवित्र भांड्याचं नाव घेऊन शिव्या हासडल्या. ऑरेलची दाढी तेव्हा शर्टाच्या पहिल्या बटणापर्यंत आली होती.

पुढे ती छातीपर्यंत आली, पांढरी झाली आणि प्रसिद्ध झाली. लीग वाढणार, नवे संघ येणार अशी नुसती कुजबुज उठली की टीव्हीवाले लिमोइलूत हजर. कॅमेरा ऑरेलवर, आणि ऑरेल दाढीवरून हात फिरवत तेच एक वाक्य म्हणणार, "हंगाम अजून संपलेला नाही." बायका त्याच्याबरोबर फोटो काढत. इथे झालेल्या शेवटच्या सामन्याला तो नव्हता, मी होतो. मीही रडलो होतो. माझ्याकडे तर त्या सामन्याचं फाटकं तिकीटही आहे. पण दर सकाळी गुळगुळीत दाढी करणाऱ्या माणसाचं दुःख टीव्हीवर कोण दाखवणार? मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा.

पण नुसत्या हेव्यापायी मी ते केलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सोलांज हॉस्पिटलात होती. पोटातली गाठ सगळीकडे पसरली होती. एका दुपारी तिने मला फोन केला. "रोझेर, तुझं सामान घेऊन ये. मला त्याचं तोंड बघायचंय. केसांतून बघून बघून कंटाळले रे."

मी वस्तरा, ब्रश, वाडगा, स्वच्छ टॉवेल, सगळं घेऊन गेलो. नर्सकडून गरम पाणी मागून घेतलं. ऑरेल पलंगाशी स्टुलावर बसला होता. मी वाडगा खाली ठेवला, तसं त्याने दोन्ही हातांनी हनुवटी झाकून घेतली.

"नाही," म्हणाला.

"अरे, ती मागतेय."

"नाही. संघ आला की. सोलांज, तोवर थांबायचंस तू."

ती हसली. हसताना तिला दुखत होतं, तरी हसली. मला म्हणाली, "बघितलंस ना, मरायलाही ताटकळत ठेवतोय."

चार दिवसांनी ती गेली. वस्तरा मी कोरडाच परत आणला. तो वेगळा ठेवला, खणात, टॉवेलमध्ये गुंडाळून. त्यानंतर रोज सकाळी ऑरेल येऊन दुसऱ्या खुर्चीत बसायचा आणि मी त्याला कॉफी द्यायचो. त्या दाढीत पावाचे कण अडकलेले दिसले की मनात यायचं, ह्या झाडूसाठी माझ्या बहिणीची शेवटची इच्छा राहिली. तोंडाने कधी बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित पुढचं टळलं असतं.

ह्या डिसेंबरात पुन्हा कुजबुज उठली, आणि ह्या वेळी कुजबुज नव्हतीच. संघमालकांची बैठक दोन दिवस चालणार, संघांचे सगळे गट मोडून नव्याने मांडणार, दोन नवे संघ घेणार आणि गुरुवारी दुपारी जाहीर करणार, असं लीगनेच सांगून टाकलं. मग काय विचारता. दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

फर्नांने, म्हणजे चाळीस वर्षं शहरबस चालवून रिटायर झालेल्या माणसाने, माझ्या मोठ्या आरशावर साबणाच्या फेसाने आख्खा नकाशा काढला. कॅनडा, अमेरिका, मध्ये रेघा मारून आठ गट.

"हे बघा. मॉन्ट्रियल, ओटावा, टोरंटो, बफेलो, आणि हे आपण," असं म्हणून त्याने आरशाच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठा गोळा लावला.

"बॉस्टन कुठे टाकलंस?" ऑरेल.

"खालच्या गटात."

"छान केलंस. ते फार मारतात."

"मारू देत की," कुणीतरी मागून म्हणालं. "मार खायलासुद्धा संघ लागतो."

"आणि पश्चिमेचं काय? तिकडे एक कमी पडतोय म्हणून मागच्या वेळी अर्ज केला तर आपल्याला हाकललं. पूर्वेत गर्दी झालीय म्हणे. बसमध्ये जागा नाही म्हणून उतरवावं तसं!"

"मी कधी कुणाला उतरवलं नाही," फर्नां छाती फुगवून म्हणाला.

"तू थांब्यावर थांबलास तरच कुणी चढणार ना!"

सगळे हसले. ऑरेलही हसला. नवं स्टेडियम बांधून आमच्या शहराला दहा वर्षं होत आली; मांडव घालून बसलोय आणि वरात दर वेळी दुसऱ्याच गल्लीत वळते. तरी त्या आठवड्यात लोकांनी संघाचे जुने निळे शर्ट पेट्यांतून काढले. पोटावर बसेनात तरी घातले.

कल्पना ओव्हिलाची. तो रेडिओत तंत्रज्ञ होता, आवाजही त्याला बऱ्यापैकी काढता येतो. बुधवारी ऑरेल घरी गेल्यावर तो म्हणाला, "उद्या सकाळी म्हाताऱ्याची गंमत करू या का? मी खोटी बातमी रेकॉर्ड करतो. दुकानाच्या रेडिओला फोन जोडला की झालं. नाचेल, बोंबलेल, आणि पाच मिनिटांनी सांगून टाकू. तशीही खरी बातमी दुपारी येणारच."

"हृदय बंद पडायचं त्याचं," फर्नां म्हणाला.

"तीस वर्षांत नाही पडलं ते!"

ते माझ्याकडे बघायला लागले. दुकान माझं, रेडिओ माझा. मी म्हणालो, करा. त्यापुढे काय होईल ह्याचा विचार मी खरंच केला नव्हता. निदान तेव्हा तरी नाही.

गुरुवारी बाहेर उणे अठरा होतं. ऑरेल दहा वाजता आला, दाढीतला बर्फ झटकला, कॉफी घेतली. त्याच्याकडे मोबाइल नाही आणि डावा कान अधू, म्हणून तो नेहमी रेडिओच्या बाजूला उजवा कान करून बसतो. साडेदहाला मध्येच गाणं थांबलं आणि ओव्हिलाचा तो खर्जातला आवाज आला. लीगने दुपारपर्यंत न थांबता निर्णय आत्ताच जाहीर केला आहे. गटांची नवी मांडणी मंजूर. दोन नवे संघ. त्यातला पहिला, क्यूबेक.

ओव्हिला मागच्या खोलीच्या दारात तोंडावर रुमाल दाबून उभा होता. फर्नांचे खांदे हलत होते.

ऑरेल नाचला नाही. बोंबलला नाही. त्याने कप हळूच खाली ठेवला, उठला, चार पावलं चालला आणि माझ्या खुर्चीत येऊन बसला. आरशावरच्या त्या साबणाच्या गोळ्याकडे बघत राहिला.

"रोझेर," म्हणाला. "घे वस्तरा."

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ओव्हिलाने रुमाल खाली घेतला. फर्नां पुढे सरसावला. "ऑरेल, थांब जरा, ऐक..."

"बस खाली, फर्नां," मी म्हणालो.

"अरे पण रोझेर..."

"माझ्या दुकानात माझं काम चाललंय. बस खाली."

तो बसला. सगळेच बसले. कुणालाही तोंड उघडता आलं असतं, मी काही कुणाचं तोंड बांधलं नव्हतं. पण मी तसा कधी बोलत नाही, म्हणून घाबरले असतील. किंवा बघायचं असेल त्यांना. माणसाला बघायचं असतं.

मी खण उघडला, टॉवेल सोडला आणि तोच वस्तरा काढला.

आधी कात्रीने मोठी दाढी कापली. मुठी भरभरून खाली पडत होती. मग गरम टॉवेल, मग फेस. त्याने डोळे मिटून घेतले होते. मी उजव्या गालापासून सुरुवात केली. सावकाश. एक शब्द बोललो असतो तरी अर्धी दाढी वाचली असती, आणि प्रत्येक वेळी वस्तरा पुसताना तो शब्द माझ्या जिभेवर यायचा. मी तो गिळायचो. मला हॉस्पिटलातली ती दुपार दिसत होती, आणि मनात म्हणत होतो, तिच्यासाठी नाही केलीस ना? आता खोट्यासाठी कर. कर.

खालून जो चेहरा निघाला तो मी विसरलो होतो. वर कपाळ आणि नाक रापलेलं, आणि खाली दुधासारखी पांढरी, मऊ कातडी. हनुवटीला मध्ये खळी. सोलांज लग्नाआधी मला म्हणायची, त्या खळीत एक वाटाणा बसेल.

त्याला तोंड दाखवायला मला आरसा पुसावा लागला. फर्नांचा नकाशा टॉवेलने एका हातासरशी गेला, आधी पश्चिम, मग पूर्व.

ऑरेल बराच वेळ बघत होता. मग त्याने बोटाने खळी चाचपली आणि हसला. "अजून आहे की."

मला वाटलं, आता सांगावं. हीच वेळ. पण तो उठलाच. अंगावरचे केस झटकले, कोट चढवला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"तिच्याकडे. टीव्हीवाले यायच्या आत जाऊन येतो. आधी तिने बघायला हवं." दारात वळून म्हणाला, "बघ, मी शब्द पाळला. ती म्हणायची ना, ताटकळत ठेवतोय म्हणून."

दार लागलं. कुणी त्याच्यामागे धावलं नाही. मीही नाही. ओव्हिला पुटपुटला, "मफलर तरी द्यायला हवा होता त्याला." मफलर खुंटीलाच होता. दाढी होती तेव्हा त्याला तो लागत नसे.

बारा वाजता खरी बातमी आली. दोन्ही संघ अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे बर्फ फक्त ग्लासात असतो. रेडिओवर लोकांचे फोन सुरू झाले. एक बाई रडत होती. एक जण म्हणाला, तिकडच्यांना ऑफसाइडचा नियम म्हणजे काय ते पडद्यावर लिहून दाखवावं लागेल. एक म्हणाला, मी माझा शर्ट चुलीत घातला. एक म्हणाला, बरं झालं, निदान तिकिटं महाग होणार नाहीत, आणि त्याला निवेदकानेच फोनवरून उतरवलं. एरवी ह्यावर आमच्या दुकानात छप्पर उडालं असतं. त्या दिवशी फर्नां झाडू घेऊन माझं दुकान झाडत होता. केसांचा ढीग खुर्चीखाली जमला होता, तो त्याला सुपलीत भरता येईना. तसाच उभा राहिला.

ऑरेल दीड वाजता परत आला. स्मशानभूमीपर्यंत चालत गेला होता आणि चालतच आला. ढोपरापर्यंत बर्फ. गाल लालभडक आणि हनुवटीवर नाण्याएवढा पांढराफट्ट डाग. थंडीने कातडी मेली होती. वाटेत बेकरीत शिरून त्याने सगळ्यांसाठी मांसाचं सारण भरून भाजलेला गरम पाव आणला होता. त्या बेकरीत रेडिओ नसतो.

"घ्या," म्हणाला. "टीव्हीवाले आले नाहीत अजून?"

तेवढ्यात खरंच गाडी थांबली. एक वार्ताहर मुलगी आत आली, मागे कॅमेरा. तिने दुकानभर नजर फिरवली आणि ऑरेलला ओळखलंच नाही. त्यालाच विचारलं, "माफ करा, ते दाढीवाले काका इथे असतात ना? संघ पुन्हा हुकला, त्यावर त्यांची प्रतिक्रिया हवी होती."

ऑरेलने तिच्याकडे बघितलं. मग रेडिओकडे. मग ओव्हिलाकडे, आणि ओव्हिलाने मान खाली घातली. शेवटी माझ्याकडे. चेहरा झाकायला आता त्याच्यापाशी काही नव्हतं. त्याचा ओठ, हनुवटी, ती खळी, सगळं थरथरताना आम्ही बघितलं. मुलीला काहीतरी कळलं असावं, तिने कॅमेऱ्याला हात आडवा केला.

"वस्तरा हातात होता तेव्हा तुला माहीत होतं?" त्याने मला विचारलं.

"हो."

"सोलांजसाठी?"

"हो."

त्याने मान हलवली, जणू मी त्याला बसची वेळ सांगितली. पावाची पेटी टेबलावर ठेवली आणि गेला. मफलर तसाच राहिला.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. एक दिवस वाटलंही, लपवत नाही. शुक्रवारी रात्री मी बिअर घेतली आणि तिच्या फोटोला म्हणालो, झालं गं. त्या रात्री मी ढाराढूर झोपलो. शनिवारी सकाळी आठला दुकान उघडलं तर ऑरेल दाराशी उभा. हनुवटीवरच्या डागाची खपली धरली होती, भोवती दोन दिवसांचे खुंट.

तो माझ्या खुर्चीत बसला. दुसऱ्या खुर्चीत फर्नां होता, त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"कर," ऑरेल म्हणाला.

"कशाला, वाढू दे ना परत," मी म्हणालो. "ऑरेल, मी..."

"कर."

मी फेस काढला. तो आरशात माझ्याकडे बघत होता, आणि इतकी वर्षं दाढीआडून बोलणारा आवाज आता उघड्या तोंडातून वेगळाच येत होता.

"रोझेर, किती वर्षं दाढ्या केल्यास आमच्या?"

"बरीच."

"माणूस दाढी कधी उतरवतो?"

मी ब्रश वाडग्यात बुडवला.

"जिंकल्यावर नाहीतर हरल्यावर," तो म्हणाला. "त्या हॉस्पिटलच्या खोलीत जिंकायला काय होतं? तू वाडगा घेऊन आलास तेव्हा तिला हसू आलं, मला भीती वाटली. मी दाढी केली असती तर ती त्याच दिवशी समजली असती की संपलं. मी म्हटलं, थांब. म्हणजे थांब, जाऊ नकोस. तिला कळलं होतं ते. ती हसली कशाला मग? मला वाटलं, तुलाही कळलं. हरलेल्यांच्या दाढ्या तर तूच करायचास."

फर्नांचं वर्तमानपत्र हललं नाही.

"आता कर," ऑरेल म्हणाला. "आता हरलोय."

मी केली. खपलीभोवती जपून. तेव्हापासून तो रोज येतो, रविवार सोडून, आणि मी रोज करतो. बोलत नाही. झाली की बोटाने खळी चाचपतो, उठतो आणि स्मशानभूमीकडे चालायला लागतो, आणि मी दारातून बघत राहतो.